पुढच्या वर्षाचा हिशेब

सोळा टनी ट्रक, सहा टायर, २०१२ सालचं मॉडेल. अशा दोन सारख्या गाड्या एकाच आठवड्यात रस्त्यावर आल्या असं समजू. एक शिरूरला गेली. रांजणगाव एमआयडीसीत माल भरायचा आणि नागपूर, इंदूर, हैदराबाद, जिकडचं भाडं मिळेल तिकडं निघायचं, असे तिचे बाराही महिने. दुसरी दौंडला गेली आणि उसाला लागली. दिवाळीच्या आसपास कारखान्याचं धुराडं पेटलं की तिचं वर्ष सुरू होतं आणि उन्हाळा तापला की संपतं. उरलेल्या महिन्यांत कधी कांदा, कधी खत, कधी मुरूम, नाहीतर दारात उभी.

आज दोन्ही मालकांपुढे एकच प्रश्न आहे: आहे ती ठेवायची की नवी घ्यायची? शिरूरचा मालक नवी घेतोय, दौंडचा जुनीच ठेवतोय, आणि दोघांचंही बरोबर आहे. मला याहून विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. दोन्ही गाड्या सारख्याच चांगल्या ठेवलेल्या असतील आणि या दोघांनी उद्या सकाळी त्यांची अदलाबदल केली, तरी निर्णय हलणार नाही. शिरूरला आलेली गाडी बदलावी लागेल, दौंडला गेलेली ठेवणंच शहाणपणाचं ठरेल. म्हणजे उत्तर गाडीत नाहीच. ते गाडीच्या पुढच्या वर्षात आहे.

हे नीट कळायचं तर आधी ‘जुनी गाडी’ म्हणजे काय ते पाहू. चौदा वर्षांच्या ट्रकमध्ये चौदा वर्षांचं असं किती उरलेलं असतं? टायर दोन-तीन वर्षांचे. बॅटरी गेल्या पावसाळ्यातली. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, पाटे, पंपाचे नोझल, रेडिएटर, सेल्फ, सगळं कधी ना कधी बदललेलं. इंजिनाचं बोअर-पिस्टनचं काम एकदा झालेलं, हौदा नव्यानं बांधलेला, केबिनला दोनदा पत्रा मारलेला. आरटीओच्या लेखी मात्र गाडी म्हणजे चासीवर ठोकलेला नंबर. इंजिनसुद्धा रीतसर नोंद करून बदलता येतं, पण चासी नंबर तोच राहतो. रस्त्यावरून जाणारा जुना ट्रक हा निरनिराळ्या वयांच्या शेकडो सुट्या भागांचा मेळ असतो आणि आरसी बुकातलं साल त्यातल्या एका लोखंडी सांगाड्याचं वय सांगत असतं.

१९६० साली आर. एफ. ड्रेनिक या अमेरिकी गणितज्ञानं याच मेळाविषयी एक सिद्धान्त मांडला. यंत्रात पुष्कळ भाग आहेत, प्रत्येक भाग आपापल्या परीनं झिजतो, आणि जो बिघडेल तो लगेच बदलला जातो, असं धरा. पहिली काही वर्षं बिघाडांना काही लय असते, कारण सगळे भाग एकाच वयाचे असतात. पण काळ जाईल तशी भागांची वयं विस्कटत जातात आणि शेवटी सबंध यंत्राचे बिघाड जवळजवळ एका स्थिर सरासरीनं, कसलीही आठवण न ठेवता येऊ लागतात. काल बिघडली म्हणून आज बिघडणार नाही असं नाही, आणि महिनाभर नीट चालली म्हणून आता पाळी आली असंही नाही. भाग म्हातारे होत राहतात, पण नीट राखलेल्या सबंध यंत्राचं म्हातारपण एका ठिकाणी थबकतं! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पाटसच्या कारखान्यावर रांगेत उभ्या असलेल्या वीस-वीस वर्षांच्या गाड्यांचं कोडं उलगडल्यासारखं वाटलं. त्या तगून आहेत यात नशिबाचा भाग थोडा आणि गणिताचा बराच आहे.

विमानांच्या जगातून आलेला पुरावाही याच्या जवळ जातो. युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनले नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक मोठा अहवाल लिहिला. विमानाचे भाग वयाबरोबर कसे बिघडतात हे त्यांनी नोंदींवरून तपासलं. वय वाढेल तशी बिघाडाची शक्यता वाढते असे भाग निघाले फक्त ११ टक्के. उरलेल्या ८९ टक्क्यांत म्हातारपणाची खूण सापडली नाही. उलट ६८ टक्के भाग नवे असतानाच जास्त बिघडत होते आणि एकदा बसले की स्थिर चालत होते. ‘चालू गाडीला उगाच हात लावू नका,’ असं जुने फिटर सांगतात, त्याला हा मोठाच आधार म्हणायचा. अर्थात टायर, ब्रेक, क्लच यांसारखे घासले जाणारे भाग त्या अकरा टक्क्यांतले. त्यांना वेळेवर हात लावावाच लागतो.

मग गाडी बदलायचीच कशाला? कारण बिघाडांची सरासरी स्थिर झाली म्हणजे ती कमी झाली असं नाही. ती कोणत्या उंचीवर स्थिर झाली आणि दर बिघाडाला काय मोजावं लागतं, यावर सगळं ठरतं. दौंडच्या गाडीचा पाटा न्हावऱ्याच्या रस्त्यावर तुटला तर गावातला फिटर दुचाकीवर येतो, दुपारपर्यंत गाडी काट्यावर. तोवर तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, त्यातली साखर उतरते, हे नुकसान खरं, पण मर्यादित. शिरूरच्या गाडीचा तोच पाटा महू घाटात तुटला तर परका मुलूख, परका मेकॅनिक, दोन दिवसांचं भाडं बुडालं, आणि माल वेळेत न पोहोचल्यानं पुढची ऑर्डर दुसऱ्या ट्रान्सपोर्टकडे गेली. बिघाड एकच, किंमत दहापट.

अशा प्रश्नांवर अर्थशास्त्रानं शंभर वर्षं डोकं चालवलं आहे. १९२५ साली हॅरॉल्ड हॉटेलिंगनं यंत्राच्या घसाऱ्याचं सर्वसाधारण गणित मांडलं, १९४९ मध्ये जॉर्ज टर्बोर्गनं कारखानदारांसाठी यंत्रबदलाचं सबंध पुस्तक लिहिलं. त्या सगळ्याचं सार एका वाक्यात येतं आणि ते वाक्य मला फार मोलाचं वाटतं: जुन्या गाडीला फक्त पुढच्या वर्षाचा खर्च विचारा, नव्या गाडीला तिच्या सबंध आयुष्याचा वर्षाला सरासरी खर्च विचारा, आणि जो कमी असेल त्याचं ऐका.

यात मागचं वर्ष कुठेच नाही हे पाहिलंत का? ‘गेल्या वर्षीच सव्वा लाख घालून इंजिनकाम केलं, आता कशी विकू?’ हे आपण कितीतरी वेळा ऐकतो. ते सव्वा लाख गेले, गाडी ठेवली तरी गेले आणि विकली तरी गेले. त्या कामामुळे पुढच्या वर्षी खर्च कमी येणार असेल, किंवा विकताना चार पैसे जास्त मिळणार असतील, तर तेवढंच हिशेबात धरायचं. आणि उलटही खरं आहे. ‘शेजाऱ्यानं नवी घेतली’ हाही मागच्या वर्षाचाच प्रकार; त्याचा आपल्या पुढच्या वर्षाशी संबंध नाही.

आता प्रत्यक्ष आकडे धरून बघू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्येकानं आपले घालावेत. नवी गाडी हौदा, विमा, कर धरून ३० लाखांना पडते, दहा वर्षांनी ६ लाखांना विकली जाते. म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजारांची किंमत उतरते. त्यात सरासरी १८ लाख रुपये अडकून राहतात. दहा टक्क्यांनी त्याचं व्याज १ लाख ८० हजार. विम्याचे जादा ३० हजार धरले, तर नवी गाडी नुसती दारात असण्याचे वर्षाला साडेचार लाख. (२४ लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता महिना ५१ हजारांच्या घरात बसतो. पण हप्ता हा रोकडीचा प्रश्न, खर्चाचा नव्हे. हप्ता संपला की गाडी फुकट चालते असं वाटतं, ते यामुळेच फसवं आहे.) जुनी गाडी आज ५ लाखांना जाते, वर्षानं ४ लाख ४० हजारांना जाईल. उतरलेले ६० हजार आणि अडकलेल्या पाच लाखांचं व्याज ५० हजार, मिळून १ लाख १० हजार. दोन्हींतला फरक ३ लाख ४० हजार. नवी गाडी घ्यायची तर दरवर्षी एवढी रक्कम तिनं रस्त्यावर मिळवून दिली पाहिजे.

ती कशी मिळवेल? जुनी लिटरला साडेचार किलोमीटर देते, नवी साडेपाच. डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरमागे ३ रुपये ६० पैसे वाचतात. नवीला वेगळा युरियाचा द्राव लागतो, त्याचे ५० पैसे गेले. दुरुस्ती आणि खोळंब्याची बचत दीड रुपया. एकूण ४ रुपये ६० पैसे. आता ३ लाख ४० हजारांना ४ रुपये ६० पैशांनी भागा: जवळपास ७४ हजार किलोमीटर.

हाच तो उंबरठा. शिरूरची गाडी वर्षाला ९० हजार किलोमीटर धावते, ती उंबरठ्याच्या पलीकडे. नवी घेणं परवडतं. दौंडची गाडी उसाच्या हंगामात आणि इकडेतिकडे मिळून २० हजार धावते. तिच्या जागी नवी घेतली तर वाचतात ९२ हजार आणि जातात ३ लाख ४० हजार. तिथं नवी गाडी म्हणजे दरवर्षी अडीच लाखांची हौस.

जुनीचं मोठं इंजिनकाम निघालं तर? दीड लाखांचं काम एकट्या पुढच्या वर्षाच्या माथी मारायचं नाही. ते चार वर्षं चालणार असेल तर पुढची दोन, तीन, चार वर्षं धरून सरासरी काढायची आणि त्यातली सगळ्यात कमी सरासरी नव्या गाडीसमोर उभी करायची. तसं केलं की उंबरठा ७४ हजारांवरून ६५ हजारांच्या आसपास खाली येतो. आणि भाडं टनावर असेल तर आणखी एक ओळ लिहावी लागते. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं आसांवरचं मान्य वजन वाढवलं. पुढच्या आसाला ६ टनांचे ७ झाले, मागच्याला १०.२ चे ११.५, म्हणून दोन आसांच्या गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेलं. ऊस, सिमेंट, खत वाहणाऱ्याला नव्या गाडीत हा वाढीव भार म्हणजे थेट पैसा. रांजणगावातून फ्रिज आणि धुलाई यंत्रं वाहणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, कारण त्याचा हौदा वजनाआधी जागेनं भरतो.

ॲव्हरेजविषयी इथं थोडं थांबायला हवं, कारण आपली सगळ्यांची नजर त्यात फसते. लिटरला ४ चे ५ झाले आणि ८ चे ९ झाले, दोन्हींत एकेक किलोमीटरच वाढला असं वाटतं. पण शंभर किलोमीटरला किती डिझेल लागलं ते मांडा. पहिल्यात २५ लिटरचे २० झाले, पाच लिटर वाचले. दुसऱ्यात साडेबाराचे ११.१ झाले, दीड लिटरही वाचला नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात हा दृष्टिभ्रम दाखवून दिला. वहीत ‘लिटरला किती किलोमीटर’ऐवजी ‘शंभराला किती लिटर’ लिहिलं, तर खरी बचत कुठे आहे ते आपोआप दिसतं. सगळ्यात वाईट ॲव्हरेजची गाडी थोडी सुधारणं हे चांगल्या गाडीला आणखी चांगलं करण्यापेक्षा कितीतरी लाभाचं असतं. आणि ती सुधारणा करायला नेहमी नवी गाडी लागतेच असं नाही. भरलेला ट्रक सपाट रस्त्यावर ताशी ६० च्या वेगानं जातो तेव्हा त्याचा निम्म्याहून जास्त जोर टायर दबण्या-फुगण्यात जिरतो. नायलॉन टायर काढून रेडियल घातले आणि हवा दर आठवड्याला मोजली, तर नव्या गाडीच्या बचतीतला बराच वाटा जुनीच देऊन जाते.

हे सगळं गणित कागदावर ठीक, पण माणसं खरोखर असा विचार करतात का? याचं उत्तर अमेरिकेतल्या मॅडिसन शहराच्या बस आगारातून आलं. तिथं हॅरॉल्ड झर्चर नावाचे देखभाल अधीक्षक होते. कोणत्या बसचं इंजिन चालू ठेवायचं आणि कोणतं बदलायचं, हे दर महिन्याला तेच ठरवायचे. जॉन रस्ट या अर्थशास्त्रज्ञानं १९७४ ते १९८५ या काळातल्या त्यांच्या नोंदी घेतल्या आणि प्रश्न मांडला: झर्चर दर महिन्याला किलोमीटर बघतात, ठेवलं तर चालवण्याचा खर्च आणि मध्येच बंद पडण्याचा धोका, बदललं तर एकदम मोठी रक्कम आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. आजचा निर्णय उद्याच्या सगळ्या निर्णयांवर परिणाम करतो. हे गणित सोडवायला संगणक लागतो. रस्टनं ते सोडवलं आणि झर्चर यांच्या वह्यांशी ताडून पाहिलं. आगारातल्या त्या माणसाचे निर्णय मोठ्या प्रमाणावर त्या गणिताशी जुळत होते. १९८७ साली ‘इकॉनोमेट्रिका’त छापलेल्या त्या निबंधाच्या नावातच झर्चर यांचं नाव आहे, आणि आज जगभरचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी त्यांच्या बसइंजिनांवर शिकतात.

मला हे वाचून चौफुल्याच्या आणि शिक्रापूरच्या गॅरेजांतली माणसं आठवतात. नोझलचा आवाज ऐकून, सायलेन्सरचा धूर बघून, ऑइल किती कमी झालं ते डिपस्टिकवर पाहून ‘अजून दोन हंगाम काढेल’ असं ती सांगतात. ते ‘दोन हंगाम’ म्हणजे एका अवघड समीकरणाचं तोंडी उत्तर असतं. त्याला अंदाज म्हणून हिणवू नये.

आणि याच माणसांसमोर नव्या गाडीनं एक मोठं आव्हान उभं केलं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ या धुराच्या मानकात बसणाऱ्या गाड्याच नव्यानं विकता येतात. त्या गाडीच्या पोटात काय चाललंय ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर पिस्टन वरून खाली ढकलण्याच्या एका घावाला मिळतात १५ मिलिसेकंद. तेवढ्यात डिझेल १६०० ते २००० बार दाबानं, केसाइतक्या बारीक छिद्रांतून, एकदा नव्हे तर दोन-तीन हप्त्यांत फवारलं जातं. आधी थोडं, मग मुख्य, मग पुन्हा थोडं. कधी आणि किती, हे एक संगणक दर घावाला नव्यानं ठरवतो. जुन्या गाडीत हेच काम पंपातला लोखंडी दांडा करायचा, कायम एकाच रीतीनं.

तरी धुराचं एक जुनं दुखणं फवारणीनं सुटत नाही. जाळ जास्त गरम झाला की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळून नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड होतात. जाळ थंड ठेवला की डिझेल अर्धवट जळून काजळी होते. एक दाबलं की दुसरं वर येतं. म्हणून बीएस-६ गाडी दोन्हींचा समाचार सायलेन्सरच्या वाटेवर घेते. काजळीसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनी मातीची गाळणी असते. तिच्या नळ्या आलटून पालटून एका बाजूला बंद, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी मागे राहते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी युरिया: शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरियाचा द्राव गरम धुरात फवारला की त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया त्या विषाला गाठून त्याचा साधा नायट्रोजन आणि वाफ करून टाकतो. नायट्रोजन म्हणजे आपण प्रत्येक श्वासात घेतो त्या हवेचा ७८ टक्के भाग! ड्रायव्हर याला नुसतं ‘युरिया’ म्हणतात. शेतातल्या गोणीतला रेणू तोच, पण गोणीतला युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतला तर त्यातलं निंबोळी तेल आणि अशुद्धी उत्प्रेरक कायमचा बिघडवतात. त्यासाठी अतिशुद्ध, वेगळ्या दर्जाचा युरियाच लागतो.

आता ही गाडी दौंडच्या कारखान्यावर आणून उभी करा. गाळणीत साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंशांची उष्णता लागते, युरियाच्या उत्प्रेरकाला कामाला लागायला २०० अंशांच्या वर. रांजणगावहून भरून निघालेली गाडी महामार्गावर तासन् तास जोरात चालते, धूर तापलेला राहतो, गाळणी चालता चालता स्वच्छ होते. उसाची गाडी फडातून पहिल्या-दुसऱ्या गिअरात बाहेर निघते, पंधरा-वीस किलोमीटर जाते आणि काट्यापुढच्या रांगेत थांबते. नंबर येईल तसा इंजिन चालू करून दहा फूट पुढे, पुन्हा थांबायचं. धूर तापतच नाही. काजळी साठते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, तरी दुर्लक्ष केलं तर संगणक इंजिनाची ताकद आवरतो आणि गाडी चढाला पिकअप घेत नाही. मग बटण दाबून उभ्या गाडीतच गाळणी जाळावी लागते. पण यार्डात पायाखाली वाळलेलं पाचट पसरलेलं असताना सहाशे अंशांचा धूर सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण. गाडी आधी मोकळ्या, उघड्या जमिनीवर न्यावी लागते.

या अडचणीवरून नवी गाडी वाईट ठरत नाही. ती ज्या कामासाठी घडवली आहे ते काम शिरूरचं आहे, दौंडच्या रांगेचं नव्हे, एवढंच. दौंडच्या मालकानं नवी घ्यायचीच ठरवली तर आठवड्यातून एखादी खेप तरी सोलापूर रस्त्यानं लांबवर काढावी आणि रांगेत इंजिन बंद ठेवावं. डिझेलच्या स्वच्छतेबाबतही तेच. जुना पंप पिंपातलं डिझेल पचवतो. नव्या इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-तीन मायक्रॉनच्या, धुळीचा एक कण पुरेसा होतो. जिथं स्कॅनर घेऊन येणारा माणूस तासाभरात पोहोचत नाही, तिथं हा फरक हिशेबात खोळंब्याच्या रकान्यात लिहिला पाहिजे.

एवढं सगळं जुन्या गाडीच्या बाजूनं बोलल्यावर एक रकाना उरतो, आणि त्याबद्दल मला फार कळकळीनं बोलावंसं वाटतं. जुन्या गाडीचं बीएस-३ आणि नव्या गाडीचं बीएस-६, या दोन मानकांच्या मर्यादा शेजारी ठेवा. इंजिनानं एक युनिट काम केलं की काजळी ०.१० ग्रॅमवरून ०.०१ वर, नायट्रोजनचे ऑक्साइड ५ ग्रॅमवरून ०.४६ वर. दोन्ही साधारण दहाव्या हिश्श्यावर. डिझेलमधलं गंधक तर दहा लाखांत ३५० भागांवरून १० भागांवर आलं. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत ज्या इंजिनांच्या चाचण्या होतात, त्यांत गेल्या वीस वर्षांत झालेला हा फरक कोणत्याही तंत्रज्ञाला अभिमान वाटावा असा आहे. पण मालकाच्या वहीत या काजळीला रकाना नसतो. ती जाते रस्त्याकडेच्या शाळेतल्या मुलांच्या आणि कोपीत राहणाऱ्या ऊसतोड टोळीच्या छातीत, आणि खुद्द ड्रायव्हरच्या. दौंडच्या मालकाला अडीच लाख वाचतात हे खरं. त्यातला काही भाग कुणीतरी दुसरं भरतं हेही तितकंच खरं.

सरकारनं हा रकाना थोडाथोडा वहीत आणला आहे. आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. आठ वर्षं ओलांडलेल्या व्यावसायिक गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर. गाडीचं वय वाढेल तशी फिटनेसची फी चढत जाते आणि पंधरा वर्षांनंतर अनेक पटींची होते. माझ्या मते हे योग्यच आहे, फक्त वर्षांवर बसवलेली फी धावण्याचा विचार करत नाही. वर्षाला वीस हजार किलोमीटर धावणारी आणि नव्वद हजार धावणारी एकाच वयाच्या असल्या तर दोघींना तोच दंड, जरी दुसरीचा धूर साडेचारपट असला तरी.

शिरूरचा मालक विकेल ती गाडी जाते कुठे? बहुधा एक पायरी खाली, उसाकडे. तिथून मुरूम-वाळूकडे, मग पाण्याच्या टँकरकडे. पूर्व शिरूरच्या आणि दौंडच्या कोरड्या गावांत उन्हाळ्यात पाणी पोचवणाऱ्या टँकरची चासी पहिल्या मालकाकडे दूरच्या मुलखांत फिरून आलेली असू शकते. पायरीगणिक किलोमीटर कमी होतात, म्हणून पायरीगणिक जुनी गाडी पुन्हा परवडू लागते.

ही उतरण थांबते ती चासीपाशी. बाकी सगळं बदलता येतं, पण लांब पट्ट्यांना रिव्हेटपाशी आणि आडव्या पट्टीच्या कोपऱ्यात तडे गेले, वेल्डिंग करूनही पुढच्या हंगामात शेजारी नवा तडा दिसला, की ड्रेनिकच्या सिद्धान्ताची अटच मोडते: बिघडलेला भाग आता बदलता येत नाही. जादा वजन भरलेल्या गाड्यांवर ही वेळ लवकर येते. अशा गाडीला पुढच्या वर्षाचा खर्च विचारायचा नसतो, तिचा ब्रेक लागताना सांगाडा कसा वळेल हे विचारायचं असतं.

तेव्हा ती नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी. २०२१ च्या नियमांनुसार तिथून ठेव प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि व्यावसायिक गाडीला मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. भंगारातलं पोलाद वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या आपल्याच राज्यात जालन्याला आहेत. आणि दौंडच्या मालकाला स्वतः नवी गाडी घ्यायची नसेल तर ते प्रमाणपत्र तो दुसऱ्याला, अगदी शिरूरच्या मालकालासुद्धा, विकू शकतो.